बांधावरच्या घुशी आणि आमची रायफल

खाडीत गाळ साचतो ना, तसे किस्से साचतात. रोज बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, आणि एक दिवस होडीच रुतते! परवा चुलतबहीण लग्नाचं आमंत्रण द्यायला आली आणि "तू आणि बंदूक?" म्हणून हसत सुटली. मी सांगायला बसले, तर जेवण गार झालं तरी किस्से संपेनात.

आमचं गाव अलिबागकडच्या एका खाडीवर आहे. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध, आणि तो राखणाऱ्या घरांचा जो गट, त्याला आम्ही जोळ म्हणतो. बांध आहे तोवर भात आहे. तो फुटला तर खारं पाणी आत शिरतं, आणि मग दोन-तीन वर्षं शेतात फक्त गवत आणि चिंबोऱ्या! बांधाला लागून पहिलं शेत माझ्या आईचं. त्यामुळे आमच्या घरात वाढदिवस विसरले जातात, उधाणाची तिथी नाही.

आता बांधाचा खरा शत्रू कोण? समुद्र? छे! घुशी! मांजराएवढ्या घुशी बांधाला आरपार बिळं पाडतात. भरतीचं पाणी त्या बिळात शिरलं की आधी करंगळीएवढी धार येते, मग हाताएवढी, आणि मग बांधच जातो.

आम्ही विष घालून पाहिलं. घुशी तशाच राहिल्या, काशीकाकूंच्या कोंबड्या गेल्या. पिंजरे लावले, तर घुशी आतला सुका बोंबील खाऊन पसार! जवळ जावं तर दोन्हीकडे चिखल, आणि पाय रुतल्याचा 'पचक' असा आवाज झाला की त्या बिळात. शेवटी जोळीच्या बैठकीत ठरलं, की लांबून घूस टिपणारी छऱ्यांची रायफल घ्यायची. परवाना न लागणारी, कारखान्यातून तयार आलेली, नेमाला पक्की आणि आपल्या ऐपतीतली.

निवडायला कोण जाणार? जोळीचे म्होरके नाना म्हणाले, "बाय बी.एस्सी. झालीय. तिलाच न्यायची."

बाय म्हणजे मी. मी स्वतः लावलेल्या कुकरच्या शिट्टीलाही दचकते!

*

पनवेलच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. नाना, मी आणि गुरुजी. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मास्तर. त्यांच्याइतका शांत माणूस आमच्या पंचक्रोशीत नाही.

दुकानदाराने पहिलीच रायफल नळीपाशी दुमडून तिची स्प्रिंग भरली आणि 'फट्' करून रिकामी उडवून दाखवली. पुढचं मला आठवतं ते एवढंच, की मी दुकानाबाहेर होते आणि माझी एक चप्पल आत होती.

गुरुजींनी ती आणून दिली. "ये बाळ, आत ये. ते आता चहा मागवतायत."

दुकानदाराने मग एक परदेशी रायफल काढली. वर ही मोठी दुर्बीण! "शंभर मीटरवरची माशी मारते, साहेब!"

गुरुजी म्हणाले, "आमच्याकडच्या माश्या जवळच येतात हो."

आणि नाना? नाना बाजारात मासा घेताना कल्ले उघडून बघितल्याशिवाय पैसे काढत नाहीत. त्यांनी रायफलही तशीच घेतली. पोटावर अंगठा दाबला, उलटी केली, नळीत डोकावून बघितलं आणि शेवटी चक्क वास घेतला!

दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, ताजी आहे!"

*

मी हट्ट धरला, की चालवून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. दुकानामागे लांबलचक गोडाऊन होतं. शेवटच्या भिंतीला कागद लावले आणि तीन रायफली घेतल्या. प्रत्येकीचे पाच छरे, नेम तोच, वाळूची पिशवी तीच आणि उडवणारा माणूसही तोच, दुकानातला. (मी कानात बोटं घालून गुरुजींच्या मागे.)

चकचकीत परदेशी रायफलीचा एक छरा बरोब्बर मध्यावर बसला आणि बाकीचे चार कागदभर फिरायला गेले. तिसरीचंही तेच. सगळ्यात साध्या, लाकडी दस्त्याच्या देशी रायफलीचा मध्यावर एकही नाही! पण पाचही छरे डावीकडे, खाली, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे.

"हीच घ्यायची," मी म्हटलं.

नाना भडकले. "अगो, हिचा एक बी लागला न्हाय!"

"नाना, ती चुकते, पण दर वेळी तिथेच चुकते. तिचा नेम सरकवून घेता येतो. ही दुसरी दर वेळी वेगळीच चुकते, हिचं काय करणार?"

नानांना ते पटायला घरापर्यंतचा रस्ता लागला. घरी त्यांनी बायकोला, म्हणजे काशीकाकूंना, मोठ्या ऐटीत समजावलं. "चूक होऊ दे, पण ती रोज तीच पायजे. मग माल चांगला!"

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग तुमच्यासारका चांगला माल न्हाय मिलायचा!"

*

नेम सरकवून झाला आणि आम्ही बांधावर नारळाच्या करवंट्या लावल्या. नानांनी रायफल धरली ती वल्हं धरतात तशी, दोन्ही मुठींनी, दातओठ खाऊन. एक छरा खाडीत, एक आभाळात, एक कुठे गेला ते कोणालाच कळलं नाही. मग जोळीतले एकेक बाप्ये पुढे आले. सगळे होडीवाले, सगळ्यांची मूठ घट्ट. करवंट्या जशाच्या तशा!

"फसवलान पनवेलवाल्यानं! उद्याच परत द्याची!" नाना गरजले.

मी हळूच मागे सरकायला लागले. निवड माझी ना! कोणीतरी ओरडलं, "बाय, तूच मार बघू!" मी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि खाली हात नुसता लावला. शेजारणीचं तान्हं बाळ आपल्याकडे देतात तेव्हा कसं धरतो, तसं. धरायचीच भीती वाटत होती हो! श्वास रोखला, चाप ओढला, दचकले.

करवंटी फुटली!

पुन्हा मारलं, पुन्हा फुटली. मग मोबाईलवर शोधलं तेव्हा कारण कळलं. या रायफलीतली स्प्रिंग सुटताना झटका देते. घट्ट आवळली की झटका दर वेळी वेगळा बसतो. सैल ठेवली की ती आपली आपण हलते आणि दर वेळी सारखीच हलते.

नाना उठून उभे राहिले आणि त्यांनी जोळीला हुकूम सोडला, "आयका रे! उद्यापासून सगल्यांनी घाबरून धराची!"

*

अडचणी तिथेच संपल्या असत्या तर काय! गुरुजी रोज सकाळी पंचशील म्हणतात, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. ते म्हणाले, "मी संध्याकाळी टेहळणीला बसेन. घूस कुठे दिसली ते सांगेन. वारा सांगेन. बिळं बुजवेन. पण चाप ओढणार नाही."

नाना म्हणाले, "अवो गुरुजी, मंग सगलं तुमीच केलात की! आमचं फकस्त बोट!"

गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "तेवढं बोट तुमच्याकडेच असू द्या."

आणि नानांचं स्वतःचं? मंगळवारी नाही, चतुर्थीला नाही. गणपती बसले तेव्हा तर रायफल खुंटीला! मी म्हटलं, "नाना, देवाचं वाहन उंदीर. घूस नव्हे."

त्यावर काशीकाकू मोदकाची पारी वळता वळता म्हणाल्या, "दर वरसाला मूर्ती केवडी मोठी आनतात बगतेस ना? मंग उंदीर पुरंल काय?"

यावर बी.एस्सी.मध्ये काही शिकवलेलं नाही.

*

किहीमला बंगला असलेले एक साहेब आमच्या रायफलीचं ऐकून मुद्दाम बघायला आले. स्वतःची परदेशी रायफल पेटीत, पेटी गाडीत, आणि बांधावर अंथरायला वेगळी सतरंजी! आडवे झाले, दुर्बिणीत डोळा घातला आणि नानांना विचारलं, "विंड किती आहे?"

नानांनी गावाकडे बघितलं. "बोंबील दोन दिसांत सुकंल इतका."

साहेब तेवढ्यावर बराच वेळ गणित करत राहिले. तोवर घूस बिळात जाऊन झोपली असावी!

*

आणि आता हे शेवटचं.

भाताच्या लोंब्या भरत आल्या होत्या. अमावास्येचं उधाण दुपारी येणार होतं. उधाणाच्या वेळी दर घरातलं एक माणूस बांधावर आपापल्या हद्दीत उभं राहतं. नाना एका टोकापासून चालत हजेरी घेतात. नाव घराचं पुकारायचं, माणसाचं नाही. 'हजर' ऐकू आलं नाही, तर त्या घराशी जोळ वर्षभर बोलत नाही!

आमच्या हद्दीत आई आणि मी होतो. रायफल माझ्याकडे. खाडी बांधाच्या काठाला लागत होती. नानांची हजेरी अर्ध्यावर आली होती, तेवढ्यात समोर, शेताच्या बाजूच्या बिळातून एक घूस बाहेर आली. टळटळीत उन्हात! मोठी, म्हातारी, कानाचा तुकडा गेलेली. आली आणि बांधावर बसून तोंड पुसायला लागली.

लांबून नाना हातवारे करत होते, "मार गो! मार!"

मी नेम धरला. बोट चापावर. आणि मला दिसलं, की ती ओलीचिंब आहे. मिशांतून पाणी गळतंय. आठवडाभर पाऊस नाही, शेताच्या बाजूला थेंब नाही. मग ही भिजली कुठे?

तेवढ्यात तिच्या मागून, त्याच बिळातून, मातकट पाण्याची करंगळीएवढी धार आली.

मी अशी किंचाळले की माझ्याच आवाजाला दचकले! "पाणी! पाणी आलं!"

सगळी जोळ धावली. पेंढा, गोणपाटं, चिखलाचे गोळे हातोहात. गुरुजी धोतर खोचून थेट धारेत बसले. आई चिखल लिंपत होती आणि शेताकडे बघत नव्हती. धार हाताएवढी झाली, तिथेच अडली, मग बारीक झाली. भरती थबकली. पाणी उतरायला लागलं. बांध राहिला!

नुसते बसले होते सगळे, आणि हळूहळू एकेकाला हसू यायला लागलं होतं. नाना मात्र उठले. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. अर्धी राहिलेली हजेरी त्यांनी पुन्हा सुरू केली. समोर दिसणाऱ्या प्रत्येकाचं घर पुकारलं, प्रत्येकाने 'हजर' म्हटलं.

हजेरी संपली. नाना निघाले, थांबले आणि वळले. थोड्या अंतरावर, तिवराच्या मुळाशी ती म्हातारी घूस अजून अंग चाटत बसली होती. नानांनी माझ्या खांद्यावरच्या रायफलीकडे बघितलं, मग तिच्याकडे. आणि त्याच खणखणीत आवाजात पुकारलं,

"बांधातली म्हातारी?"

मग माझी आई चिखलाचे हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि म्हणाली,

"हजर!"