माझ्या हाताला बसलेला ड्रायव्हर

"हळू मारा मॅडम, हळू!" हे मी दोन हिवाळे ऐकलं आणि दरवेळी माझं डोकं सणकलं. सांगणारे सगळे पुरुष, सगळे क्लबाचे जुने मेंबर. सूर असा, की बाईमाणसाच्या हातात गोल्फची काठी आली हेच पुष्कळ झालं, आता चेंडू कुठे जातो ते कशाला बघायचं.

आम्ही वणीकडच्या एका कोळसा खाणीच्या वसाहतीत राहायचो. माझे मिस्टर खाणीत इंजिनियर, म्हणून आम्हाला क्वार्टर, आणि क्वार्टरसोबत क्लब. खाणीतून निघालेल्या मातीचा मोठा ढिगारा सपाट करून साहेबलोकांनी त्यावर गोल्फचं मैदान केलं होतं. हिवाळ्यातच गवत पिवळं पडायचं, आणि होलभोवती हिरवळीऐवजी तेल मारलेली वाळू. पण मैदान ते मैदान! पहिल्यांदा चेंडू नीट लागला, तो आवाज कानात शिरला, आणि मी कामातून गेले.

माझं पोटापाण्याचं काम कापसाचं. तालुक्याच्या खरेदी केंद्रावर मी ग्रेडर होते. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, चिमटीत धरून ओढायचा, धागा केवढा, मजबूत किती, ओल किती, हे बोटांनी ओळखून ग्रेड सांगायचा. माझ्या बोटांवर मला भारी तोरा होता आणि तो खोटा नव्हता. पण ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, बोंडअळीनं बेजार केलेलं, कितीतरी जण सोयाबीनकडे वळलेले. जो कापूस हाती यायचा त्याच्याही गाड्या आमच्या फाटकासमोरून सरळ खाजगी जिनिंगकडे जायच्या. भर हंगामात मी रिकाम्या आवारात खुर्ची टाकून बसायची. लय लागायचं मनाला. आपला हात कुठेतरी कामी यावा, त्याला कोणीतरी मानावं, असं वाटायचं. म्हणून मला क्लबाच्या टीममध्ये जागा पाहिजे होती, आणि ती मागायला मला लाज वाटली नाही.

दरवर्षी नदीपलीकडच्या वसाहतीशी आमचा सामना व्हायचा. टीममध्ये खेळायचं तर मागच्या टीवरून, म्हणजे चेंडू मारायच्या मागच्या जागेवरून खेळायचं, असा नियम. तिथून सहाव्या होलला जुन्या खाणीत साचलेल्या पाण्याचं तळं आडवं यायचं. बायकांची टी तळ्याच्या पलीकडे, अगदी सोयीनं. "तुम्ही मागून तळं पार करून दाखवा, मी लगेच टीममध्ये घेतो," आमच्या क्लबाचे सेक्रेटरीसाहेब म्हणाले. पुण्याकडचे, गोड बोलणारे. मी पार करणार नाही याची त्यांना एवढी खात्री होती, की त्यांनी हे चारचौघांत सांगितलं.

तळं पार करायची काठी म्हणजे ड्रायव्हर. सगळ्यात लांब दांडा, सगळ्यात मोठं डोकं. क्लबाच्या कपाटात बायकांसाठी ठेवलेला एक ड्रायव्हर होता, हलका आणि लवचिक. दांड्याला शाफ्ट म्हणतात, आणि तो किती वाकतो ते त्यावरच्या इंग्रजी अक्षरावरून कळतं. एल म्हणजे बायकांचा, सगळ्यात लवचिक. आर म्हणजे मधला. एस म्हणजे कडक. माझ्या हातात एल. मी मारला की चेंडू उंच उडायचा, डावीकडे वळायचा आणि बाभळीत जाऊन पडायचा. मग सगळे एका सुरात, हळू मारा. हळू मारलं की चेंडू सरळ जायचा खरा, पण तळ्याच्या मधोमध डुबुक. अरे, मग सरळ जाऊन करायचं काय!

मिस्टर एकदा बाजूला उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "तू वरून खाली येताना एकदम झटका देतं. काठीचं डोकं हाताच्या पुढं पळून राह्यलं. चूक तुही नाही, दांडा नरम हाय." मला त्या क्षणी त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. दोन हिवाळ्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या हाताची बाजू घेतली होती.

पुढच्या सुट्टीत आम्ही नागपूर गाठलं. दुकानात ड्रायव्हर ओळीनं उभे होते. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मागे जाळी लावली आहे, मारून बघा." पण मी कापसाची ग्रेडर! मी एकेक काठी उचलली, टोक फरशीवर टेकवलं, दांडा दोन्ही हातांनी दाबला, सोडला, पुन्हा दाबला. हा लिबलिबीत, हा बरा, हा मजबूत. गाडीतला माल तपासावा तसं मी ते सगळं दुकान तपासलं आणि एस अक्षराचा कडक दांडा काढून काउंटरवर ठेवला. डोक्याचा उतार कमी, चेंडूला लागणारी बाजू जवळजवळ उभी, म्हणजे चेंडू खालून सुसाट जाईल. दुकानदारानं पुन्हा जाळी दाखवली. मी म्हटलं, "भाऊ, या हातानं आजवर धोका दिला नाही."

हातानं धोका दिला. नवीन ड्रायव्हरनं चेंडू उडेचना. जमिनीलगत उजवीकडे जायचा आणि तळ्याच्या काठावरच पाण्यात शिरायचा. बोटांत झिणझिण्या यायच्या. आठवडाभर मी जास्त जोर लावून बघितला, तर खांदा धरला. घरी चिडचिड सुरू झाली. सासूबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "काय व, त्या गोटीपायी भाकर गोड लागून नाही राह्यली तुले! एवढं काय हाय त्या तळ्यात?"

"टीम हाय तिकडं, मामी," मी सासूबाईंना म्हटलं. मला रडू येत होतं.

"मंग रडतं कायले? रडून गोटी तिकडं जाते काय?"

हे ऐकून मला हसूच फुटलं. दुसऱ्या दिवशी केंद्रावर चुकून एक गाडी आली. वर स्वच्छ कापूस होता. मी सवयीनं वरून एक मूठ काढली, मधून काढली, तळातून काढली, तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि मगच तोंड उघडलं. गाडी गेल्यावर मी टेबलाकडे बघतच राहिले. अगं बयाड बाई! एका मुठीवरून तू कधी ग्रेड दिला नाहीस, आणि दुकानात एका दाबावर काठी घेऊन आलीस? हाताने दाबल्यावर दांडा कसा वाकतो, याच्याशी मला काय करायचं होतं? मी झटका देऊन मारते तेव्हा तो कसा वाकतो, ते बघायला पाहिजे होतं. कापूस ओढून कळतो, काठी मारून कळणार.

मी त्याच संध्याकाळी क्लबात जाहीर केलं की रविवारी सकाळी मला सगळ्यांचे ड्रायव्हर पाहिजेत. लोक हसले, पण आले. गंमत बघायला कोण येत नाही! मी प्रत्येक काठीच्या तोंडाला ओला खडू फासला, म्हणजे चेंडू कुठे लागला त्याची खूण दिसेल, आणि एकेकीनं चारचार चेंडू मारले. मिस्टर लांब बाभळीआड उभे राहिले. चेंडू पडला की तिथे जाऊन पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाची, काडी रोवायची आणि काडीला त्या त्या काठीला नेमून दिलेल्या रंगाची चिंधी बांधायची, असं ठरलं होतं. नरम काठ्यांच्या चिंध्या डावीकडे, बाभळीखाली. कडक काठ्यांच्या उजवीकडे आणि जवळ. लाल चिंध्या मात्र मधोमध, सगळ्यात लांब, आणि एकमेकींना इतक्या चिकटून की मिस्टरांना काड्या रोवायला जागा पुरेना. ते तिकडूनच ओरडले, "अवं, लालवाली कोणाची हाय?"

लालवाली सेक्रेटरीसाहेबांची होती. साहेब नेहमी सांगायचे, मी कडक शाफ्टशिवाय खेळत नाही. त्यांच्या दांड्यावर अक्षर असतं तिथे काळी चिकटपट्टी होती. तिचा कोपरा सुटला होता, आणि खाली आर स्वच्छ दिसत होता. डोक्याचा उतारही चांगला, चेंडूला वर उचलणारा. साहेबांचा चेहरा उतरला. आता बाकीच्यांसमोर ही बाई काय बोलते, असं त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मी ती पट्टी अंगठ्यानं दाबून पुन्हा पक्की केली आणि म्हटलं, "साहेब, काठी एकदम चांगली आहे. असलीच घेते." साहेबांनी काठी उचलून पिशवीत ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी मला 'हळू मारा' शिकवणं बंद केलं.

नागपूरच्या दुकानदारानं कुरकुर करत काठी बदलून दिली. मधला शाफ्ट, जास्त उतार. मी तिथे जाळीत मारून मारून घाम गाळला, तेव्हा कुठे ती घरी आणली. हातात झिणझिण्या नाहीत, खांद्याला ओढ नाही. झटका मी पूर्वीसारखाच देत होते, फक्त आता काठीचं डोकं माझ्या हातासोबत येत होतं.

टीम निवडायच्या सकाळी सगळे सहाव्या होलला जमले. सासूबाईही आल्या होत्या, डोक्यावर पदर आणि पायात मिस्टरांचे बूट. तळ्यावर वारा नव्हता. मी टीवर चेंडू ठेवला, काठी मागे घेतली आणि जीव खाऊन मारलं. आवाज आला आणि मला कळलं. अजून चेंडू वर चढत होता, तरी मला कळलं होतं! तो पाण्यावरून गेला, पलीकडच्या काठावरून गेला, बायकांच्या टीच्याही पुढे पडला आणि पिवळ्या गवतात घरंगळत गेला. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. मिस्टर म्हणतात, मी "घ्या!" म्हणून ओरडले, आणि असणारच.

"एखादा लागून जातो," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"पुन्हा मारू का?" मी वळून विचारलं. उत्तराची वाट न बघता मी दुसरा चेंडू ठेवला आणि मारला. तोही पार. सासूबाईंनी टाळ्या पिटल्या. "माय माय माय! माह्या सुनेनं तळं ओलांडलं रे!" त्यांचा आवाज खाणीपर्यंत गेला असेल. मी एवढी खूश होते की मला माझे पाय जमिनीवर आहेत की नाही ते कळत नव्हतं. सेक्रेटरीसाहेबांनी सगळ्यांदेखत हात पुढे केला आणि म्हणाले, "रविवारी वेळेवर या."

रविवारी नदीपलीकडची टीम जीपमधून आली. सहाव्या होलला आम्ही सगळे मागच्या टीवर पोचलो. त्यांच्या कॅप्टननं तळ्यापलीकडे बोट दाखवलं आणि फार आदबीनं मला म्हणाले, "मॅडम, लेडीज टी तिकडे आहे. तुम्ही पुढे व्हा, आम्ही थांबतो."

मी तोंड उघडायच्या आत सेक्रेटरीसाहेब माझ्यासमोर आले. "तिकडे कशाला?" त्यांचा गोड आवाज पार गेला होता. "त्या आमच्या टीमच्या आहेत. इथूनच मारतील, आणि आधी मारतील."

कॅप्टन गडबडले. त्यांनी टीवर ठेवलेला आपला चेंडू उचलला आणि मला जागा करून दिली.