मोटारीचा आवंढा

नीलव्वानं आणि मी जोडीनं केलेलं शेवटचं काम म्हणजे मोटारीची दुरुस्ती. ती ड्रायव्हरच्या जागेवर पदर खोचून बसली होती आणि मी बॉनेट उघडून इंजिनावर वाकलो होतो. मी हात वर केला की तिनं रेस द्यायची, खाली केला की सोडायची.

माझी बायको जन्मभर मोटारीला भ्यायची. जळकोटहून सोलापूरला मी सवाऱ्या न्यायचो, त्यावरच आमचं पोट. पण ती बसली की पाय उचलून सीटवर घ्यायची आणि दाराची कडी धरायची. भ्याव तिनं कधी लपवलं न्हाय. "मी भ्याले बघा. चला आता," म्हणायची आणि निघायची. लग्नानंतर पहिल्यांदा मोटारीत बसली तेव्हा हेच. घरात साप निघाला तेव्हा हातात काठी घेऊन हेच. माझं उलटं. मी भ्यालो की शिव्या देतो.

तिच्या पोटात गाठ निघाली होती. सोलापूरच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं. आणि नेमकी तेव्हाच मोटार दगा द्यायला लागली. रेस दिली की इंजिन क्षणभर घुसमटायचं, मग एकदम उसळी मारायचं. तपासून परत येताना नळदुर्गाजवळ बैलगाडीला मागं टाकायला मोटार बाहेर काढली आणि ती तिथंच अडखळली. समोरून ट्रक. कसे निसटलो मला ठाऊक न्हाय. नीलव्वा कानडीत देवाला हाका मारत होती; तिचं माहेर सरहद्दीपलीकडचं. घरी उतरल्यावर म्हणाली, "अवो, तुमची मोटार आवंढा गिळती. तिलाबी भ्याव हाय."

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दुपारी मी पेट्रोल गाळलं, जेट फुंकले, प्लग घासले. आवंढा तसाच. शेवटी कार्बोरेटरमधली थ्रॉटलची दांडी बोटानं हलवली तर ती डुगडुगली. वर्षानुवर्षं फिरून दांडीबी झिजली होती आणि तिचं भोकबी. तिथून फालतू हवा आत शिरत होती आणि इंजिन घुसमटत होतं. खात्री करायला भोकाभोवती घट्ट ग्रीस लिंपलं आणि हात वर केला. नीलव्वानं रेस दिली. इंजिन न अडखळता चढलं.

"गिळला बघा," ती आतून म्हणाली.

ग्रीस सोलापूरपर्यंत टिकेल, दांडी तिथं बदलू, असं मी सांगितलं. ती उतरली न्हाय. स्टेअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "मी भ्याले बघा."

मी वाट बघितली. पुढचं ती बोललीच न्हाय. मग मीच म्हणालो, "चल आता, भाकरी खाऊ."

उजाडायच्या आधी तिला कळ आली. उचलून मोटारीपर्यंत नेली, तोवर माझ्या गळ्यातला तिचा हात सुटला.

सकाळी अंगण माणसांनी भरलं. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात. ते पालखीसारखं सजवलेलं विमान दारापर्यंत आणायला मोटार आडवी येत होती. शेजारचे करीमभाई हळूच म्हणाले, "चावी द्या भाऊ, मी काढतो."

मी दिली न्हाय. मोटार एका दमात सुरू झाली असती आणि कुठं अडखळली नसती, हे मला ठाऊक होतं. तो आवाज ऐकायचं मला भ्याव वाटलं. मी गिअर काढला, दाराला खांदा लावला आणि मोटार ढकलत बाभळीखाली नेऊन उभी केली.