देवीने न ऐकलेलं मागणं

चौथ्या सुईच्या आधी मी देवीला रोज एकच सांगत होते, आई, माझं औषध बंद पडू देऊ नकोस. बाकी कशावर विश्वास उरला नव्हता. फुप्फुसातली गाठ केमोला दाद देत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली. हे औषध स्वतः गाठ मारत नाही, शरीराची प्रतिकारशक्ती जागी करतं आणि तीच गाठीवर तुटून पडते, असं त्यांनी समजावलं. मला आमच्या कोकणातल्या गावचा राखणदार, रात्री गावावर पहारा ठेवणारा देव, आठवला. माझा राखणदार गाठीने झोपवून ठेवलाय, एवढं मला कळलं. हा शेवटचा उपाय आहे, हे कुणी न सांगताही कळलं.

तिसऱ्या सुईनंतर जुलाब सुरू झाले. असं काही झालं तर लगेच कळवा, असं नर्सने बजावलं होतं. मी कळवलं नाही. कळवलं की सुई थांबवतील आणि सुई थांबली की मी संपले, असंच मनाने घेतलं होतं. यांना सांगितलं, उपास धरलाय, म्हणून जेवत नाही. देवीच्या नावावर नवऱ्याशी खोटं बोलले. हे कामावर गेले की दहिसरच्या आमच्या दोन खोल्यांत मी एकटीच रडत बसायची. देवी आहे तरी का, असंही त्या दिवसांत मनात येऊन गेलं, पण मागणं काही सोडलं नाही.

चौथ्या सुईच्या दिवशी हे हॉस्पिटलात खाली रांगेत उभे होते. मी वर बाकावर डोळे मिटून तेच पुटपुटत होते. मध्येच उठून जावं लागलं, परत आले, पुन्हा गेले. शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली होती. तिने विचारलं, "ताई, सकाळपासून कितव्यांदा?"

काल बाहेरचं खाल्लं, असं मी सांगितलं.

"माझे मिस्टरपण हेच सांगायचे," ती म्हणाली. "आज मी ते गेल्याचे कागद न्यायला आलेय."

मग ती उठली आणि सरळ नर्सला सांगून आली. मला तिचा भयंकर राग आला. ओळख ना पाळख, ही बाई माझ्या जिवावर का उठलीय, असंच वाटलं.

सुई दिली नाही, भरती करून घेतलं. जागी झालेली प्रतिकारशक्ती माझ्या आतड्यावरच उलटली होती. आणखी काही दिवस गेले असते तर आतडं फुटलं असतं, आणि आता हे औषध मला पुन्हा देता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. यांनी सगळं ऐकून घेतलं. "मला का नाही सांगितलंस गं?" एवढंच विचारलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. स्टेरॉइडने जुलाब थांबले, पण माझी जगण्याची आशा त्याच खोलीत संपली. उशीखालचा देवीचा फोटो मी काढून पिशवीत टाकला.

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. गाठ गेली नाही, वाढलीही नाही. डॉक्टर म्हणतात, बघू. त्या बाईला मी पुढे पुष्कळ शोधलं, तिचं नावही मला ठाऊक नाही. तिला देवीने धाडलं, की ती आपली सहज येऊन बसली होती, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. माझं मागणं पुरं झालं असतं तर मी आज नसते, एवढं खरं. म्हणून आता दिवा लावते, आई, तुझे उपकार म्हणते आणि काही मागत नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा स्कॅन आहे. मला फार भीती वाटते. काल चहा पिताना ते मी यांना सांगितलं.