कोथिंबिरीशेजारचं रिव्हॉल्व्हर

या रे, ग्रुपवरच का होईना, जरा जवळ सरकून बसा. विनूसर गेल्याचं कळल्यावर शाळेच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकलीत ना ढीगभर? मग एकाने तरी मुलुंडला घरी यावं की नाही? दीड महिना झाला... दारात तुमची चप्पल दिसली नाही. रागावत नाही मी. रागवायला मला विनू एकटा पुरत होता.

विनू माझा धाकटा भाऊ, तुमचा पीटीचा सर. लग्न केलं नाही, माझ्याकडेच राहिला आणि जन्मभर मला वैताग दिला. सगळ्यात जास्त वैताग त्याच्या त्या रिव्हॉल्व्हरचा. शर्यती सोडायचं, बारीक नळीचं, जुनंपुराणं. गोळी नाही, नुसता बार काढणारं. शाळेने भोंगा आणून दिला, शिट्टी वापरा म्हटलं. ह्याचं आपलं एकच, "ताई, शिट्टीने रिक्षा थांबते, शर्यत सुटत नाही."

एका वर्षी जानेवारीत शाळाशाळांच्या स्पर्धा होत्या. सकाळचे सात, चांगलाच गारठा, शंभर मीटरची फायनल. विनूने चाप ओढला आणि बार नाहीच, नुसतं 'टक्'. आमच्या शाळेची सायली तेवढ्यावर सुटली, बाकीच्या जागच्या जागी. पंच म्हणाले, ही बाराआधीच पळाली, बाद. विनू भांडला, "पोरीची चूक नाही, माझं हत्यार फसलं." मग दुपारी बारा वाजता, भर उन्हात, त्यांनी त्याला चाप ओढून दाखवायला लावलं. सहाच्या सहा बार, एकदम झकास! वाट लागली. सायली बाद ती बादच, वर 'सर स्वतःच्या पोरीला सांभाळून घेतात' हेही ऐकावं लागलं. त्यानंतर सायली मैदानावर आली नाही.

मग आमच्या घरात जे सुरू झालं, विचारू नका. माझ्या परातीत स्क्रू, पोळपाटावर स्प्रिंगा. घोड्याचं टोक घासून झालं, स्प्रिंग बदलून झाली. साकीनाक्याच्या कारागिराकडे तीन खेपा. भट्टीसारखी गरम गाळ्याची खोली ती, तिथे ते बाईसाहेबांसारखं सुरेख चालायचं! कारागीर म्हणायचा, "सर, काय खराब नाय यात. उगाच टेन्शन घेता." घरी सकाळी पुन्हा 'टक्'. मी म्हटलं, "अरे, फेकून दे ते!" तर म्हणतो, "फेकलं तर सायली खोटी ठरेल, ताई."

एकदा सकाळी मी खोबरेलाची गोठलेली बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवत होते. विनू माझ्या हाताकडे बघतच राहिला.

"ताई, खंडेनवमीच्या पूजेत तू रिव्हॉल्व्हरला काय लावतेस?"

"हळदकुंकू. आणि चकाकावं म्हणून जरासं खोबरेल."

"जरासं?"

"दरवर्षीच लावते रे. का?"

त्याने रिव्हॉल्व्हर रिकामं केलं आणि उचलून माझ्या फ्रिजमध्ये ठेवलं, कोथिंबिरीशेजारी! मी ओरडत राहिले. तासाभराने काढून चाप ओढला, तर काडतुसांची चक्री जागची हलली नाही. उन्हात ठेवलं, गरगर फिरली. खोलून बघतो तर चक्री पुढे ढकलणाऱ्या बारीक आकड्याच्या खाचेत तेल-कुंकवाचा लालसर लगदा. गारठ्यात घट्ट, उन्हात पातळ. त्या सकाळी चक्री सरकलीच नव्हती. घोडा आदल्या दुपारच्या शर्यतीत उडालेल्या काडतुसावरच आपटला होता.

विनूने पंचांना पत्र लिहिलं, 'देखभालीत माझा हलगर्जीपणा झाला.' मी म्हटलं, माझं नाव लिही. "हो का? विनूसरांच्या ताईने रिव्हॉल्व्हरला चंपी केली, असं सगळ्या शाळांत होऊ दे?" हसला मेला. पंचांचं उत्तर आलं नाही. नाहूरला सायलीच्या घरीही जाऊन आला. ती दारातच म्हणाली, "जाऊ द्या ना, सर." तिथेही त्याने माझं नाव घेतलं नाही. दोष त्याने स्वतःवर घेतला आणि मी तो घेऊ दिला... इतकी वर्षं. आता वैताग येतो तो माझाच.

सायली, तू मालाडला असतेस म्हणे. तू वेळेवरच सुटली होतीस गं. चाप ओढला गेला होता, तो आवाज फक्त तुझ्याच कानांनी टिपला. हे मला नुसतं ग्रुपवर लिहून नाही, तुझ्यासमोर बसून सांगायचंय, माझ्या नावासकट. गुडघ्यांमुळे मला तुझ्याकडे येववत नाही. तेव्हा तूच ये. फार दिवस लावू नकोस.