फाटका स्पीकर

शालिकराम आता पंचाहत्तरीला टेकलेत. अमरावतीत लग्नाच्या बँडमध्ये उभी हयात गेली, पण नाव झालं ते एका गाण्यानं. तरुणपणी अकोल्याच्या नासिरसोबत काढलेली ती एकुलती एक रेकॉर्ड. वर्षभर वऱ्हाडात दुसरं काही वाजलंच नाही. काय नव्हतं त्यात? रेडिओवरच्या इंग्रजी गाण्यांचा ठेका, नासिरच्या घरची कव्वाली, शालिकरामांच्या गल्लीतलं भजन. आणि सगळ्यावर ताण म्हणजे गिटारचा तो भणाणणारा, डोकं गरगरवणारा आवाज. गिटार ज्यातून वाजायची, त्या जुन्या रेडिओच्या स्पीकरचा कागदी पडदा नासिरनं ब्लेडनं फाडला होता. "गिटार ताशावानी झनझनली पायजे," म्हणे. शालिकराम तेव्हा त्याच्या अंगावर धावून गेले होते.

पुढे त्या रेकॉर्डच्या प्रती घासून संपल्या, शेवटची उन्हानं वाकली. स्पीकर मात्र त्यांनी जिवापाड जपला. बोटं आखडली म्हणून वर्षभर त्याला हात लावला नव्हता, एवढंच.

यंदा नासिरला लकव्याचा झटका आला. वाचा गेली, ओळखही गेली. दसऱ्यानंतर त्याच्या लेकीचा, अलीझाचा फोन आला. "चाचा, ते गाणं त्यायले ऐकवून पाहा. तुमाले तरी ओळखतीन." एवढ्याशा आशेवर म्हाताऱ्यानं गिटार-स्पीकर काखोटीला मारून अकोल्याची बस धरली.

नासिरच्या खाटेजवळ बसून तार छेडली, तर आवाज आला गोड, धुतल्यासारखा स्वच्छ. त्यांनी घाईनं स्पीकर उलटा केला. मागचं झाकण काढलं. आत पडदा कोरा करकरीत.

घरी फोन लावला. सून प्रणाली उत्साहानं म्हणाली, "मामाजी, दसऱ्याच्या पूजेत फाटकी वस्तू कशी ठेवू? नवा पडदा बसवून आणला. सांगाचंच राहून गेलं."

वाद्यांची पूजा घरात दरसाल व्हायची, यंदा ती पहिल्यांदाच सुनेनं मांडली होती. पोरीनं मायेनंच केलं होतं, तिच्यावर रागवायचं तरी कोणत्या तोंडानं? बरं केलंस, एवढंच ते बोलले.

मग अलीझाकडून ब्लेड मागून घेतलं आणि पडदा चिरला. तो नुसता फडफडला. दुसरीकडे चिरला, तिसरीकडे चिरला. पन्नास वर्षांपूर्वी नासिरच्या हातून जे झालं होतं ते काही होईना. तरी त्यांनी गाणं शेवटपर्यंत वाजवलं, डोळे नासिरच्या तोंडावर लावून.

नासिरनं शांतपणे ऐकून घेतलं. मग चालता हात कपाळाशी नेऊन, दारी आलेल्या अनोळखी पाहुण्याला करावा तसा शालिकरामांना सलाम केला.