डाव्या कानातला पाढा

लढाईमुळे साखर मोजून मिळायची, म्हणून कोल्हारच्या त्या लग्नात पानाला एकच लाडू होता. तेरा-तेरा जणांच्या सात पंगती बसणार होत्या. शेवटच्या पंगतीला लाडू कमी पडला, तर वरपक्ष ताटावरून उठायला तयारच होता. परातभर बुंदीचा लाडू केवढा वळायचा, हे आचाऱ्याला ठरवायचं होतं.

तो मान डोलवत पुटपुटू लागला. मधलं उत्तर त्याला सुटं येत नसे, 'तेरा एके तेरा'पासूनच निघावं लागे. 'तेरा सख अठ्ठ्याहत्तर'ला तो अडला. पाकानं बरबटलेल्या हातांकडे बघून मला म्हणाला, "पाव्हनं, जरा कान पिळा."

"कुणाचा?"

"माजाच. ह्याच आकड्याला मास्तर पिळायचे. त्याबिगर पुडचं येत न्हाई."

मी भीतभीत उजवा धरला.

"त्यो न्हाई. त्यात चौदाचा पाढा हाय. डावा धरा. आन् जोरात."

मी पिळला.

"तेरा सत्ते एक्याण्णव!" म्हणून तो लाडू वळायला बसला.

लाडू पुरले. वाढताना त्यानं विचारलं, "पाव्हनं, काय करता?"

मी शाळेत शिकवतो.

"शेती," मी म्हणालो.