पोह्यांऐवजी नूडल्स

माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला येणाऱ्यांनी आमच्या कारध्याच्या घरी यायला नकार दिला. मुलाची आत्या बाबांना फोनवर म्हणाली, "घरी पोहे देताना सगळ्याच पोरी गरीब गाय होतात जी. बाहेर बसलं का खरं दिसते." मुलाला चायनीज आवडतं, म्हणून भेट ठरली भंडाऱ्याच्या बसस्टँडमागच्या एका छोट्या चायनीजमध्ये. पत्र्याचं छत, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, दारातच खणखणणारी कढई. कॉलेजात असताना आम्ही दोघी बहिणी तिथे एकाच प्लेटमध्ये जेवायचो. आमच्या त्या जागेवर हिची परीक्षा? मी घरूनच तापून निघाले होते.

बहीण पवनीच्या शाळेत शिकवते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती थेट बसने आली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. हक्का नूडल्स समोर आल्या आणि ती खाऊ लागली. नीटच खात होती, पण भुकेल्या माणसासारखी.

आत्याबाईंनी स्वतः घासही घेतला नव्हता. त्या नुसत्या पाहत होत्या.

"केवढी भराभरा खाऊन राहिली ही! घरी जेवाले देत नाही का जी तिले?"

मुलगा हसला. आणि बाबांनी काय करावं? हात पुढे करून तिची प्लेट आपल्याकडे ओढली. "राहू दे बेटा, बस झालं आता."

मी आत्याबाईंकडे वळले.

"आत्याजी, तुमच्या पोरानं दोन प्लेटा संपवल्या. त्याले काहून नाही पाहून राहिल्या?"

"तो पोरगा आहे, बाई."

"मग पोरीले पोट नसते का?"

आत्याबाई उठल्या, पर्स उचलली. बहिणीने मात्र शांतपणे प्लेट परत आपल्यापुढे घेतली. "बाबा, मले भूक लागली आहे," म्हणाली आणि खात राहिली.

बाबा आत्याबाई आणि मुलाच्या मागे त्यांच्या गाडीपर्यंत धावत गेले. वाकून, हात जोडून, "लहान आहेत पोरी, मनावर घेऊ नका जी" म्हणताना मला दिसत होते. त्या बाईपेक्षा जास्त चीड मला त्या वाकलेल्या पाठीची आली.

परत आल्यावर ते माझ्यावरच ओरडले, "तुझ्या तोंडापायी चांगलं स्थळ गेलं!"

"हो, गेलं. बरं झालं."

"मी पोरीचा बाप आहे. तुले नाही समजत."

"बाप होते तर तिच्या बाजूनं बोलाचं होतं न!"

ते बिल द्यायला गल्ल्याकडे वळले. नंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बहिणीला पुढेही स्थळं आली, पण तिने बाबांना एकदाच सांगितलं, "ज्याले यायचं आहे, त्यानं घरी यावं. आणि माझ्यासोबत जेवावं." बाबांना ते आजही पटलेलं नाही. आणि माझा राग अजून उतरलेला नाही.